जानेवारीतलं ग्लासगो : ‘सेल्टिक कनेक्शन्स’च्या मैफिली ऐकायला जाताना

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात ‘सेल्टिक कनेक्शन्स’ हा संगीत महोत्सव १९९४ साली सुरू झाला, तो नाताळ आणि नववर्ष उरकल्यावर रिकाम्या पडणाऱ्या रॉयल कॉन्सर्ट हॉलमध्ये जानेवारीतही काहीतरी व्हावं म्हणून. आज जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत साधारण अठरा दिवस तो चालतो आणि शहरभरच्या सभागृहांत मिळून तीनशेच्या आसपास कार्यक्रम होतात. स्कॉटलंड आणि आयर्लंडचे वादक असतातच, शिवाय फ्रान्सचा ब्रिटनी प्रांत, स्पेनचा गॅलिसिया, कॅनडातलं केप ब्रेटन, अमेरिकेतलं ब्लूग्रास हे लोकसंगीत वाजवणारे आणि अधूनमधून भारतीय वादकही एकाच व्यासपीठावर दिसतात. सेल्टिक संगीत, म्हणजे स्कॉटलंड, आयर्लंड, ब्रिटनी अशा प्रदेशांचं पारंपरिक संगीत, प्रत्यक्ष ऐकायचं आणि त्यानिमित्ताने छोटी सहलही करायची, तर पहिल्यांदा इथेच जावं. हवा वाईट असते, दिवस लहान असतो, पण चालत जाता येईल एवढ्या अंतरात इतकं चांगलं संगीत एकाच आठवड्यात दुसरीकडे क्वचितच मिळतं.

हे मार्गदर्शन दोघांसाठी आहे : मुंबई, पुणे, नाशिक, गोव्याहून मुद्दाम जाणाऱ्यांसाठी आणि शिक्षण-नोकरीनिमित्त ब्रिटनमध्येच राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी. एक सल्ला आधीच देऊन ठेवतो, कारण पुढचं सगळं नियोजन त्यावर उभं आहे : कलाकारांची नावं ओळखीची नसतील, तर आधी सभागृह निवडा आणि मग कलाकार. तोच बँड एका जागी खुर्चीत बसून ऐकण्याचा असतो आणि दुसऱ्या जागी घामाघूम होऊन नाचण्याचा. संध्याकाळ फुकट गेली असं ज्यांना वाटतं, त्यांनी बहुतेक वेळा कलाकार नव्हे, जागा चुकीची निवडलेली असते.

कोणत्या जागी काय ऐकावं

रॉयल कॉन्सर्ट हॉल हे मुख्य सभागृह, बुकॅनन स्ट्रीटच्या वरच्या टोकाला. सुमारे अडीच हजार प्रेक्षक मावतात, सगळे बसून. उद्घाटनाचा कार्यक्रम इथे होतो. अॅली बेन आणि जेरी डग्लस यांच्या पुढाकाराने होणारी ‘ट्रान्सअटलांटिक सेशन्स’ची मैफलही इथलीच. अॅली बेन शेटलंडचे फिडलवादक (फिडल म्हणजे व्हायोलिनच) आणि जेरी डग्लस अमेरिकन डोब्रोवादक, डोब्रो हा गिटारचाच एक प्रकार. अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांचे गायक-वादक एकाच मंचावर बसून आळीपाळीने गातात आणि एकमेकांना साथ करतात. तिकिटं सर्वांत आधी याचीच संपतात. जागा निवडताना तळमजल्याच्या मधल्या रांगा किंवा पहिल्या सज्जाचा मध्य घ्यावा. मंचाच्या मागे समूहगायकांसाठी असलेल्या खुर्च्या कधी स्वस्तात विकल्या जातात, पण स्पीकरचं तोंड पलीकडे असल्यामुळे तिथे शब्द गिचमिड ऐकू येतात. वादकांचे हात मागून बघायचे असतील तरच त्या घ्या.

याच इमारतीत लहान दालनंही आहेत. स्ट्रॅथक्लाइड स्वीटमध्ये क्लारसख, म्हणजे स्कॉटिश हार्प, किंवा एकट्या गायिकेचा कार्यक्रम असेल तर डोळे मिटून तिकीट काढावं. वादकापासून काही हातांवर बसायला मिळतं. क्लारसखच्या प्रत्येक तारेच्या वरच्या टोकाला एक छोटी खटकी असते. ती उचलली की तार अर्ध्या स्वराने चढते. धून चालू असतानाच वादक डावा हात क्षणभर तारांवरून काढून खटकी टिचकीसारखी उडवते आणि पुढचा स्वर पडण्याआधी हात परत तारांवर असतो. मोठ्या सभागृहात हे दिसणारच नाही.

सिटी हॉल्स आणि ओल्ड फ्रूटमार्केट कँडलरिग्ज या रस्त्यावर एकमेकांना लागून आहेत. सिटी हॉल्स १८४१ सालचं. तिथल्या मोठ्या दालनाचा नाद अतिशय स्वच्छ आहे, त्यामुळे फिडल, पियानो, तंतुवाद्यवृंद असं काही असेल तर ते तिथेच ऐका. शेजारचं फ्रूटमार्केट पूर्वी खरोखरच फळबाजार होतं. बिडाचे खांब, उंच कमानदार छत आणि जुन्या व्यापाऱ्यांच्या नावाच्या पाट्या अजून तशाच आहेत. इथे कधी टेबल-खुर्च्या मांडतात, कधी सगळी जमीन मोकळी ठेवतात. तिकिटावर उभं राहायचं आहे की बसायचं, ते काळजीपूर्वक वाचा. जागा बहुधा क्रमांकाच्या नसतात. दारं उघडताना पोहोचलात तर चांगलं टेबल मिळतं, अर्धा तास उशीर केलात तर खांबाआड बसावं लागतं.

बॅरोलँड बॉलरूम हे तिसरं टोक. १९३४ सालचं नृत्यगृह १९५८ मध्ये जळलं आणि पुन्हा बांधून १९६० मध्ये सुरू झालं. नाचासाठी बनवलेली तिथली लाकडी जमीन लवचिक आहे, हजार-दीड हजार माणसं एकदम उडी मारू लागली की पायाखाली ती हलते. पाइप्स, ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटार घेऊन येणारे तरुण बँड इथे वाजवतात. पूर्णवेळ उभं राहायचं, जिने चढायचे, आवाज प्रचंड. गुडघे दुखत असतील किंवा लहान मुलं बरोबर असतील तर हे टाळा. जाणार असाल तर फोमचे कानातले बोळे खिशात हवेतच. हायलँड बॅगपाइपचा आवाज जवळून शंभर डेसिबलच्या पुढे जातो आणि इथे तो ध्वनिक्षेपकातून आणखी वाढवलेला असतो.

पश्चिमेला हिलहेड स्टेशनजवळ ओरान मोर नावाचं चर्चचं रूपांतर केलेलं ठिकाण आहे. छतावर अॅलसडेर ग्रे यांनी रंगवलेलं भव्य चित्र आहे. ट्रॉन थिएटर, मिचेल थिएटर आणि मॅकिंटॉश चर्च या मध्यम आकाराच्या, शांत जागा. गेलिक, म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या सेल्टिक भाषेतल्या, गाण्यांसाठी अशाच जागा उत्तम.

तिकिटं : केव्हा, कशी

कार्यक्रमपत्रिका शरद ऋतूत, बहुधा ऑक्टोबरच्या सुमारास जाहीर होते आणि विक्री महोत्सवाच्या संकेतस्थळावरून होते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ब्रिटन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं, त्यानंतर साडेपाच. विक्री तिथल्या सकाळी दहाला उघडत असेल तर आपल्याकडे दुपारचे अडीच. हा हिशोब चुकल्यामुळे चांगल्या जागा हातच्या जातात.

भारतीय कार्ड वापरणार असाल तर बँकेच्या अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार आधी सुरू करून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० पासूनच्या नियमांमुळे नव्या कार्डांवर ही सोय मुळात बंद असते. ऐनवेळी व्यवहार नाकारला जातो आणि टोपलीत धरून ठेवलेली जागा सुटते. शक्य असेल तर दुसरं कार्डही तयार ठेवा. तिकीट ईमेलवर येतं. ते फोनमध्ये उतरवून घ्या, दारात नेटवर्कवर विसंबू नका.

एका दिवसाला एकच मोठी तिकिटाची मैफल ठेवा. दोन ठेवल्या तर पहिलीचा उत्तरार्ध घड्याळाकडे बघण्यात जातो. साडेसातची मैफल म्हटली की आधी पाऊण तास दुसरा, बहुधा नवखा कलाकार असतो, मग वीस मिनिटांचं मध्यंतर आणि नंतर मुख्य कलाकार दहा-साडेदहापर्यंत. ‘आपला कलाकार नंतरच येणार’ म्हणून सव्वाआठला जाऊ नका. पहिल्या भागातच कधी कधी संध्याकाळचं सर्वांत ताजं संगीत ऐकायला मिळतं, शिवाय मोठ्या सभागृहात गाणं चालू असताना आत सोडत नाहीत.

दिवसाच्या दोन्ही टोकांना मात्र भर घालता येते. रॉयल कॉन्सर्ट हॉलमध्ये संध्याकाळी ‘डॅनी काइल ओपन स्टेज’ असतो, मोफत. नवे कलाकार थोडा थोडा वेळ वाजवतात आणि त्यांतून काहींची निवड होते. मुख्य मैफलीपूर्वीचा तास तिथे काढावा. रात्री उशिरा ‘फेस्टिव्हल क्लब’ किंवा ‘लेट नाइट सेशन’ असतं. कोण वाजवणार हे जाहीर नसतं, कारण दिवसभर आपापल्या मैफली करून आलेले वादक तिथे एकमेकांना गाठतात. याचं ठिकाण वर्षागणिक बदलत आलं आहे, त्या वर्षाची पत्रिका बघा. मध्यरात्र उलटून जाते, म्हणून ते एखाद्याच रात्री ठेवा. ओळखपत्र मागतात, आणि काही जागी अठराखालच्यांना किंवा चौदाखालच्यांना प्रवेश नसतो. तिकीट काढतानाच वयाची अट पाहा. कुटुंबाची तिकिटं काढून ठेवली आणि मुलाला दारातून परत पाठवलं, हे टाळता येण्यासारखं आहे.

व्हिसा, विमान, रेल्वे

भारतातून जाणाऱ्यांना ब्रिटनचा साधा अभ्यागत व्हिसा लागतो. युरोपचा शेंगेन व्हिसा इथे चालत नाही. प्रवासाच्या तीन महिने आधीपासून अर्ज करता येतो. बोटांचे ठसे दिल्यावर निर्णयाला साधारण तीन आठवडे धरावेत आणि नाताळची सुट्टी मध्ये येते हे विसरू नये. म्हणजे जानेवारीच्या मध्याला जायचं तर ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत अर्ज गेलेला बरा. अडचण अशी की मैफलीची तिकिटंही त्याच सुमारास विकली जातात. आमचं मत : ज्या एक-दोन मैफलींसाठी जीव टाकता, त्यांची तिकिटं लगेच काढा, कारण ती विमानाच्या मानाने स्वस्त असतात. विमान आणि हॉटेल मात्र व्हिसा येईपर्यंत रद्द करता येईल अशाच दराने ठेवा.

मुंबईहून ग्लासगोला थेट विमान नाही. दुबईमार्गे किंवा लंडनमार्गे जावं लागतं. विमानतळावरून ५०० क्रमांकाची बस थेट बुकॅनन बसस्थानकात आणते आणि तिथून रॉयल कॉन्सर्ट हॉल पाच मिनिटांवर. लंडनहून येणाऱ्यांना युस्टन ते ग्लासगो सेंट्रल ही गाडी साडेचार-पाच तासांत पोहोचवते. तिकीट काही आठवडे आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं, पण शनिवार-रविवारी रुळांची कामं निघतात, तेव्हा परतीचा रविवार आधी तपासा.

सामानात खाणं नेताना एक नियम कडक आहे : भारतातून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. पेढे, बर्फी, खव्याच्या पोळ्या घरीच ठेवा. चिवडा, भाकरवडी, शेंगदाण्याची चटणी चालते.

राहायचं कुठे

क्वीन स्ट्रीट रेल्वेस्थानक आणि मर्चंट सिटी यांच्या मधल्या भागात. तिथून रॉयल कॉन्सर्ट हॉल, फ्रूटमार्केट, सिटी हॉल्स, ट्रॉन ही सगळी ठिकाणं पंधरा मिनिटांच्या चालीत येतात, बॅरोलँड थोडं पुढे. पश्चिमेचा वेस्ट एंड भाग राहायला सुंदर आहे, पण रात्री तिथे परतताना पंचाईत होते, कारण ग्लासगोची भुयारी रेल्वे रात्री साडेअकराच्या सुमारास थांबते आणि रविवारी तर बरीच लवकर. मर्चंट सिटीत शनिवारी रात्री रस्त्यावर गोंगाट असतो, खोली मागच्या बाजूची मागून घ्या.

ही भुयारी रेल्वे १८९६ सालची. एकच वर्तुळ, पंधरा स्थानकं, दोन दिशा : आतलं वर्तुळ आणि बाहेरचं वर्तुळ. बुकॅनन स्ट्रीटहून हिलहेडला (ओरान मोर) जायचं तर आतलं वर्तुळ धरा, चौथं स्थानक. चुकून उलट बसलात तरी घाबरू नका, अख्खी फेरी चोवीस मिनिटांची असते, त्यामुळे तिथेच बसून राहिलात तरी पोहोचाल.

गाडी भाड्याने घेण्याची गरज शहरात नाही. शहराबाहेर फिरायला घेतलीत तर वाहतूक आपल्यासारखी डाव्या बाजूने आहे, एवढीच सोपी गोष्ट. दारूची कायदेशीर मर्यादा स्कॉटलंडमध्ये इंग्लंडपेक्षाही कमी आहे, मैफलीत एक ग्लास घेतला तरी गाडीला हात लावू नये. शहराच्या मध्यभागी २०२३ पासून प्रदूषणमर्यादेचं क्षेत्र आहे, जुन्या गाडीने आलात तर दंड होतो. आणि ग्लासगोत रस्त्यावर उघड्यावर दारू पिण्यास बंदी आहे, तेव्हा ग्लास हातात घेऊन पबबाहेर पडू नका.

कपडे

तापमान एक ते सहा अंश, त्यात वारा आणि तिरका पाऊस. छत्री पहिल्या कोपऱ्यावरच उलटी होते. टोपी असलेलं पावसाळी जाकीट हवं. आत मात्र हीटर आणि गर्दी यांनी उकडतं. म्हणून एक जाड स्वेटर घालण्यापेक्षा तीन पातळ थर घाला. कोट ठेवायला क्लोकरूम असते, बहुतेक ठिकाणी थोडे पैसे घेतात. मैफल संपल्यावर तिथे लांब रांग लागते आणि शेवटची गाडी गाठायची असेल तर ही वीस मिनिटं नडतात. बॅरोलँडला कोट न नेता, हॉटेल जवळ असेल तर नुसत्या जाकिटात पळत जाणं बरं.

खाणं

मैफल साडेसातची म्हणजे जेवण साडेपाचला. मध्यवर्ती भागातल्या पुष्कळ उपाहारगृहांत संध्याकाळी लवकर येणाऱ्यांसाठी दोन पदार्थांचं ठरावीक दराचं जेवण असतं. मैफलीनंतर जेवू असा बेत केलात तर फसाल : बऱ्याच पबची स्वयंपाकघरं रात्री नऊच्या आत बंद होतात. उरतात ती चिप्सची दुकानं, आणि शाकाहारी असाल तर तिथे चिप्स कोणत्या चरबीत तळले आहेत हे विचारायला हवं.

ग्लासगोत भारतीय-पाकिस्तानी जेवण उत्तम मिळतं, आणि ‘पकोरा’ तर इथला रोजचा पदार्थ झाला आहे. पण २५ जानेवारी, म्हणजे कवी रॉबर्ट बर्न्स यांचा जन्मदिवस, महोत्सवाच्या मधोमध येतो. त्या आठवड्यात हॅगिस खाऊन बघा. मूळ हॅगिस मेंढीच्या काळीज-फुप्फुसाचं असतं. शाकाहारी हॅगिस डाळी, ओट्स, भाज्या आणि मिऱ्यांच्या मसाल्याचं, आणि ते जवळपास सगळीकडे मिळतं. बरोबर कुस्करलेले सलगमसारखे कंद आणि बटाटे. चव मसालेदार खिचडीच्या जवळ जाते, मराठी जिभेला ती परकी वाटत नाही. त्या रात्रीच्या जेवणाला जागा आधी राखून ठेवावी लागते.

ऐकायचं कसं

बॅगपाइप आपल्याला ओळखीची आहे. भारतीय सेनेच्या पाइप बँडमधून आणि दरवर्षी २९ जानेवारीच्या बीटिंग रिट्रीटमधून ती आपण ऐकत आलो आहोत. तीच ही हायलँड पाइप : चार नळ्या, त्यांतल्या तीन एकच सूर अखंड धरून ठेवतात आणि चौथीवर धून वाजते. धरून ठेवलेल्या सुराला तानपुऱ्याचा षड्ज समजा. या वाद्यात नऊच स्वर आहेत, आवाज कमी-जास्त करता येत नाही आणि हवा थांबवून मध्ये विश्रांतीही घेता येत नाही. मग एकच स्वर लागोपाठ दोनदा कसा वाजवणार? मध्ये दुसऱ्या स्वराचा अतिशय सूक्ष्म कण टाकून. ते सगळे थरथरते कण म्हणजे या वाद्याची भाषा. एकदा कान तिकडे गेला की पाइप्सचं वादन एकसुरी वाटत नाही. रीड, म्हणजे नळीतली कंप पावून आवाज देणारी पातळ पट्टी, हवेतल्या उष्णतेने आणि ओलाव्याने बदलते, म्हणून वादक मंचावर येऊन दोन-तीन मिनिटं सूर जुळवतो. तेव्हा टाळ्या वाजवू नका.

मैफलींमध्ये याशिवाय स्मॉलपाइप्स दिसतील : तोंडाने न फुंकता कोपराखालच्या भात्याने हवा भरायची, आवाज मृदू. आयर्लंडची इलिअन पाइप बसून वाजवतात, तिच्यावर दोन सप्तकं मिळतात आणि तिचा सूर करुण होऊ शकतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला बहुधा हीच भिडते.

नृत्याच्या धुनांचे प्रकार मात्रांवरून ओळखा. जिग म्हणजे सहा मात्रा, तीन-तीनच्या दोन भागांत, म्हणजे आपला दादरा पळवल्यासारखा. रील केरव्याच्या अंगाने जातो, आठ समान पावलांत धावत. स्ट्रॅथस्पे खास स्कॉटलंडचा : चाल संथ, पण स्वरांच्या जोड्या तुटक, एक आखूड आणि त्याला झटक्याने लागून एक लांब. धून बहुधा आठ-आठ मात्रागटांच्या दोन भागांची असते, प्रत्येक भाग दोनदा. अशी अख्खी धून दोन-तीनदा वाजते आणि मग न थांबता दुसरी सुरू होते. दोन-तीन धुना जोडून एक संच होतो. खरी मजा त्या सांध्यावर असते. पहिली धून शेवटच्या फेरीत आली की मुख्य वादक डोळे वर करून बाकीच्यांकडे बघतो, गिटारवाल्याचा हात क्षणभर अडखळल्यासारखा होतो आणि पुढच्या मात्रेला अख्खा बँड नव्या पट्टीत उडी मारतो. लोक त्याच क्षणी आरोळी ठोकतात. तुम्हीही ठोका.

संथ धून आणि गाणं यांत मात्र आपली सवय आवरावी लागते. आपल्या मैफलीत चांगल्या जागेला तिथल्या तिथे ‘वा’ निघते. इथे गेलिक गाणं किंवा संथ धून चालू असताना पूर्ण शांतता असते, दाद शेवटी. फोनचा उजेडही लोकांना खुपतो.

गेलिक गाण्यांपैकी लोकरीचं कापड बडवताना बायकांनी म्हणायची कामाची गाणी आवर्जून ऐका. एक जण ओळ म्हणते, बाकीच्या धृपद उचलतात, ताल ओल्या कापडाच्या आपटण्यातून येतो. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांत घरातली सुखदुःखं, माहेर, दूर गेलेला माणूस येतो, तसाच इथेही येतो. दुसरा प्रकार ‘पूर्श्ट अ बिअल’, म्हणजे वाद्य नसताना तोंडाने नाचाची धून गाणं. शब्दांना अर्थ जेमतेम, सगळी गंमत जीभ वळण्याची. गेलिक गायिका ज्युली फाउलिस हे गातात तेव्हा श्वास कुठे घेतात ते शोधत बसावं.

जाण्याआधी घरी थोडं ऐकून ठेवा : स्कॉटलंडचे कॅपरकेली आणि ब्रीबॅक हे बँड, आयर्लंडचे लुनासा आणि आल्तान, फिडलसाठी डंकन चिझम. ज्याने कान ओढला त्याच्यासारख्या वादकांची तिकिटं काढा.

पबमधलं सेशन : मैफल नव्हे

अर्गाइल स्ट्रीटवरचं बेन नेव्हिस, ब्लॅकफ्रायर्स स्ट्रीटवरचं बॅबिटी बाउस्टर, स्टॉकवेल स्ट्रीटवरचं जुनं स्कोशिया बार ही सेशनसाठी, म्हणजे वादकांनी जमून हौसेने वाजवण्यासाठी, नावाजलेली ठिकाणं. वार बदलतात, म्हणून दुपारी पबला फोन करून विचारा. प्रवेश फुकट असला तरी काही प्यायला घ्यायचं, लिंबूपाणीसुद्धा चालतं. मागणी काउंटरवर जाऊन नोंदवायची, टेबलावर कुणी येत नाही.

वादक कोपऱ्यातल्या टेबलाभोवती गोल बसतात, तोंडं एकमेकांकडे, पाठ तुमच्याकडे. ते स्वतःसाठी वाजवत असतात. त्या गोलातली रिकामी खुर्ची रिकामी नसते, कुणीतरी येणार असतं. फर्माईश करू नये. टाळ्या संच संपल्यावर. तुम्ही बासरी, व्हायोलिन किंवा तबला वाजवत असाल आणि सामील व्हायची इच्छा असेल, तर आधी तासभर ऐका, दोन संचांच्या मध्ये मुख्य वादकाला विचारा आणि जी धून येत नाही तिच्यात गप्प राहा. तालवाद्याच्या बाबतीत नियम आणखी कडक : एका गोलात एकच बोरान, म्हणजे हातात धरायचा डफ, पुरतो. दुसरा तालवादक न विचारता सुरू झाला की अख्खं सेशन विस्कटतं.

केली : नाचायची संध्याकाळ

केली म्हणजे सामूहिक नाच. महोत्सवात केलीच्या रात्री असतात. एरवी अर्गाइल आर्केडमधल्या स्लोन्स या पबमध्ये शुक्रवारी केली रंगते. येत नसलं तरी जा. प्रत्येक नाचाआधी एक जण पावलं सांगतो आणि एकदा चालून दाखवून घेतो.

‘गे गॉर्डन्स’ने बहुधा सुरुवात होते. जोड्या गोलात, एकाच दिशेला तोंड करून. चार पावलं पुढे, जागेवर वळा आणि त्याच दिशेने चार पावलं मागे मागे. मग हेच उलट दिशेने. नंतर एक जण दुसऱ्याच्या उंचावलेल्या हाताखाली गिरक्या घेतो, शेवटी दोघं मिळून पोल्का. नवखे लोक वळल्यावर दिशाच बदलतात आणि मागच्या जोडीवर आदळतात. वळायचं तोंडाने, जायचं त्याच दिशेला, एवढं लक्षात ठेवा. ‘स्ट्रिप द विलो’मध्ये दोन समोरासमोर रांगा असतात आणि एक जोडी रांगेतल्या प्रत्येकाशी आळीपाळीने गिरकी घेत खाली जाते : रांगेतल्या माणसाला डावा हात, जोडीदाराला उजवा. बोटं धरू नका, घामाने सुटतात आणि माणूस भिरकावला जातो. कोपराजवळ एकमेकांचे हात घट्ट धरा.

काचेच्या बांगड्या हॉटेलवर काढून ठेवा, त्या फुटून हाताला लागतात. साडीपेक्षा कुर्ता आणि लेगिंग बरं, ओढणी नको. बूट सपाट, पण रबराचा तळ फार पकडणारा नको, गिरकीत पाऊल अडकून गुडघा पिरगळतो.

दिवसा काय करावं

सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो आणि साडेचारच्या आसपास मावळतो. बाहेरचं फिरणं साडेनऊ ते साडेतीन या वेळातच बसवा. पाऊस असेल तर केल्विनग्रोव्ह संग्रहालय, प्रवेश मोफत. दुपारी तिथल्या भव्य ऑर्गनवर वादन होतं, सोमवार ते शनिवार एक वाजता आणि रविवारी तीनला. रॉयल कॉन्सर्ट हॉलपासून जवळच नॅशनल पायपिंग सेंटर आहे. तिथल्या छोट्या संग्रहालयात पाइप्स जवळून बघा आणि मगच संध्याकाळच्या मैफलीला जा. ऊन पडलं तर क्वीन स्ट्रीटहून बॅलखला जाणारी गाडी पाऊण तासात लोमंड सरोवराकाठी सोडते. हिवाळ्यात बोटींच्या फेऱ्या कमी असतात, काठाने चालत जावं. एडिंबरा पन्नास मिनिटांवर आहे, पण मैफल असलेल्या दिवशी तिकडे गेलात तर चारला परतीची गाडी धराच.

वादळ आलं तर

जानेवारी हा स्कॉटलंडमध्ये वादळांचा महिना. २४ जानेवारी २०२५ रोजी एओविन वादळामुळे मध्य स्कॉटलंडला हवामानखात्याचा लाल इशारा होता, रेल्वे बंद होती आणि त्या दिवसाचे महोत्सवातले कार्यक्रम रद्द झाले. कार्यक्रम रद्द झाल्यास तिकिटाचे पैसे परत मिळतात, हॉटेलचे आणि रेल्वेचे मिळतीलच असं नाही. म्हणून प्रवासविम्यात हवामानामुळे होणारा खोळंबा समाविष्ट आहे का ते बघून घ्या, आणि मुख्य मैफल शेवटच्या रात्रीवर ठेवू नका. चार दिवसांच्या मुक्कामात ती दुसऱ्या रात्री असावी : प्रवासाचा शीण उतरलेला असतो आणि गाडी-विमान चुकलं तरी एक दिवस हातात असतो.

जानेवारी जमतच नसेल, तर ऑगस्टमध्ये ग्लासगोलाच ‘पायपिंग लाइव्ह’ आणि ग्लासगो ग्रीनवर जागतिक पाइप बँड स्पर्धा होते, दिवस लांब आणि सगळं उघड्यावर. जुलैत लुइस बेटावरच्या स्टॉर्नोवे गावी हेब्रिडियन सेल्टिक फेस्टिव्हल असतो. तिथे राहायच्या जागा मोजक्या आणि बोटीत गाडीला जागा मिळणंही अवघड, तेव्हा सहा महिने आधी हालचाल करावी लागते. ब्रिटनीतल्या लोरिआंचा मोठा आंतरसेल्टिक महोत्सवही ऑगस्टमध्येच, पण तो फ्रान्समध्ये असल्याने शेंगेन व्हिसा वेगळा काढावा लागतो.